वाचनाची कीर्द आणि खतावणी

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या छापील अर्जावर नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण या चार रकान्यांच्या खाली ‘आवडीचे वाङ्मय’ असा एक पाचवा रकाना असे. आणि देवघेवीच्या मेजामागे मानद चिटणीस म्हणून जी अनेक वर्षे मी बसलो, त्या वर्षांत या रकान्यातील मजकुराइतका बेभरवशाचा मजकूर मी दुसऱ्या कोणत्याही सरकारी अथवा खाजगी दफ्तरात पाहिलेला नाही. वळणदार अक्षरात ‘चरित्रे व वैचारिक’ असे लिहून देणारे गृहस्थ अनामत भरल्याची पावती खिशात घालीत त्याच सायंकाळी बाबूराव अर्नाळकरांची काळा पहाडाची एखादी कथा बगलेत मारून जात. ‘धार्मिक’ असे लिहिणाऱ्या आजी चिमणराव संपवून आणून देताना गुंड्याभाऊचे आणखी काही आहे का, म्हणून हळूच विचारीत. आणि ‘सर्व प्रकारचे’ असे लिहिणारे तीन-तीन महिने वर्तमानपत्रांच्या खोलीपलीकडे फिरकत नसत. यांपैकी लबाड कोणीच नव्हते. आपल्या स्वतःच्या रुचीविषयी मनुष्याजवळ असलेली माहिती बहुधा ऐकीव असते, इतकेच. शाळेत गुरुजींनी जे उत्तम म्हणून सांगितले, घरी वडिलांच्या कपाटात जे काचेआड दिसले आणि चारचौघांत ज्याचे नाव घेतल्याने मान वाढते, त्या सर्वांची बेरीज करून तो तिला ‘माझी आवड’ असे नाव देतो, आणि मग त्या नावाशी प्रामाणिक राहण्याच्या खटाटोपात कित्येक वर्षे नको ती पुस्तके वाचीत राहतो, किंवा वाचनच सोडून देतो.

मी स्वतः त्या रकान्यात ‘ऐतिहासिक कादंबऱ्या’ असे लिहिले होते. हरिभाऊंच्या ‘उषःकाला’वर आणि नाथमाधवांच्या ‘सावळ्या तांडेला’वर ज्याचे बालपण पोसले गेले, त्याने दुसरे काय लिहावे? हे उत्तर खोटे आहे असा संशय मला वयाच्या चाळिशीपर्यंत शिवला नाही, आणि शिवला तोही एखाद्या टीकाकाराच्या ग्रंथामुळे नव्हे, तर वडिलांच्या चोपडीमुळे.

माझे वडील एका अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या घडीच्या चोपडीत ते दिवसभराचा व्यवहार ज्या क्रमाने घडे त्या क्रमाने टिपीत, ही कीर्द. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तीच रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या नावावर दुसऱ्या वहीत मांडीत, ही खतावणी. कीर्दीवरून आज काय घडले ते कळते, पण कोणाचे किती येणे आहे ते कळत नाही. ते कळावयास खतावणीच उघडावी लागते. एखाद्या व्यापाऱ्याविषयी शेटजींचे मत काहीही असो, ‘माणूस मोठा चोख आहे’ असे ते दिवसातून चारदा म्हणोत, खतावणीत त्याच्या नावाखाली तीन पाडवे उलटूनही येणे तसेच दिसले की वडील काही न बोलता ते पान शेटजींच्या पुढे सरकवीत. मला असे वाटू लागले की, आपल्या आवडीनिवडीच्या बाबतीत आपण सारे शेटजी आहोत आणि आपल्यापाशी दिवाणजी नाही.

तेव्हा वाचकांस माझी पहिली सूचना अशी की, एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक वर्ष वाचनाची कीर्द लिहावी. रकाने पाचच पुरेत. तारीख, पुस्तकाचे नाव, त्या दिवशी कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत वाचले, कोणत्या वेळी व कोठे वाचले, आणि शेवटचा, सर्वांत रुंद रकाना, ‘का थांबलो’. या शेवटच्या रकान्यातच सारे मर्म आहे. ‘झोप आली’, ‘पाहुणे आले’, ‘स्टेशन आले’ ही उत्तरे निराळी आणि ‘नायकाचे भाषण संपेना’ हे उत्तर निराळे. आणि वर्षाच्या अखेरीस जेव्हा असे दिसून येते की एका विशिष्ट जातीच्या पुस्तकापाशी आपल्याला नेहमी नऊच्या ठोक्यालाच झोप आली व दुसऱ्या जातीच्या पुस्तकापाशी दोन वाजेतो आली नाही, तेव्हा निद्रेचा आणि अभिरुचीचा संबंध समजावयास सौंदर्यशास्त्राची गरज पडत नाही. अभिप्राय लिहू नये. ‘शैली ओघवती’, ‘व्यक्तिचित्रण प्रभावी’ असली वाक्ये एकदा वहीत शिरली की मनुष्य काल्पनिक परीक्षकासाठी लिहू लागतो. त्याच कारणासाठी ही वही कोणाला दाखवू नये, पतीने पत्नीला नाही आणि पत्नीने पतीला तर मुळीच नाही. कीर्दीतही खोटे लिहिता येते, हे अडतीच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला कोणी सांगावयास नको. परंतु जी वही दुसरा कोणी पाहणार नाही तिच्यात स्वतःलाच फसविण्यासाठी रोज रात्री लबाडी लिहीत बसण्याइतका उद्योगी मनुष्य विरळा.

पुस्तक अर्धवट सोडावे की नाही, हा प्रश्न मला देवघेवीच्या मेजावर जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कोणताही नाही, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा अपराध्याचा भाव असे, जणू काही वाढलेले ताट टाकून उठण्याची परवानगीच तो मागत होता. माझा शिरस्ता असा: हल्लीच्या गद्यातील पुस्तक पन्नास पानांपर्यंत लागले नाही तर खुशाल मिटावे, पण मिटताना कीर्दीत पान व कारण नोंदवावे, म्हणजे ते वाया गेले असे होत नाही. जुन्या गद्यास मात्र हा नियम लावू नये, कारण तेथे पहिली पंचवीस-तीस पाने आपण पुस्तक वाचीत नसतो, कान तयार करीत असतो. सभासदाची बखर किंवा भाऊसाहेबांची बखर मनातल्या मनात वाचणाऱ्याला ती दगडासारखी लागते. तीच रोज एक पान मोठ्याने म्हटली की चार दिवसांत तिच्यातील श्वासाच्या जागा सापडतात आणि मग डोळ्यांनाही ती वाचता येते. कवितेच्या बाबतीत तर पुस्तकाची नोंदच करू नये. ज्या एका कवितेकडे आपण पुन्हा परतलो तिची करावी.

वर्ष भरले म्हणजे खतावणीस बसावे, आणि बहुतेक लोक घसरतात ते येथे. ते कीर्दीतली नावे उचलतात आणि कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, विनोद, वैचारिक व संकीर्ण अशी वाचनालयाच्या कपाटांवरची नावेच खाती म्हणून घालतात. पण ही नावे कपाटांच्या सोयीसाठी आहेत, वाचकाच्या नाहीत. १८७६ साली अमेरिकेत ड्यूई या ग्रंथपालाने जी दशांश पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात वाङ्मयाला आठशेचा अंक मिळाला आणि इतिहास-भूगोलाला नऊशेचा. अशी काही व्यवस्था नसती तर हजारो ग्रंथांतून एक ग्रंथ पाच मिनिटांत काढून देणे कोणत्याही कारकुनास शक्य झाले नसते, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु पुस्तक कोठे ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर मनुष्याला ते का आवडले, या प्रश्नाला लागू पडेल असे मानणे म्हणजे गूळ आणि खोबरेल तेल एकाच फळीवर राहतात म्हणून त्यांची चव एक मानण्यासारखे आहे.

माझी खतावणी मी प्रथम अशीच कपाटांप्रमाणे मांडली, आणि तिच्यातून काहीच निघाले नाही. ‘ऐतिहासिक कादंबरी’ या खात्यावर अकरा पुस्तके पडली, त्यांपैकी आठ मध्येच सोडलेली. हा धक्का होता खरा, पण मग माझी आवड गेली कोठे? जी पुस्तके मी त्या वर्षी पूर्ण वाचली, आणि त्यांतूनही जी दुसऱ्यांदा काढली, ती चार निरनिराळ्या कपाटांतील होती. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ प्रवासवर्णनात; लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चरित्रांत; हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ कादंबऱ्यांत. चिमणरावांचे चऱ्हाट विनोदात. एक वरसईचा याज्ञिक, एक ख्रिस्ती कवीची पत्नी, एक पुण्याकडची सासुरवाशीण, एक धनगरांच्या वाडीवर गेलेला कोवळा मास्तर आणि एक कारकून. यांना एका पंक्तीला बसविणारे नाते कोणते, हे मला आठ दिवस सुचेना. नवव्या दिवशी वही चाळताना जे दिसले ते इतके उघड होते की आपल्या बुद्धीविषयी खेद वाटावा: पाचही पुस्तकांत सांगणारा ‘मी’ आहे.

परंतु कोणताही पहिला शोध लगेच खरा मानू नये. ‘मी’ म्हणून लिहिलेली तर मोठमोठ्या पुढाऱ्यांची आत्मचरित्रेही होती, आणि त्यांच्यापैकी दोन-तीन माझ्या कीर्दीत साठाव्या पानापाशी मरून पडलेली होती. म्हणून ती पाच पुस्तके पुन्हा टेबलावर घेतली आणि प्रत्येकात हा ‘मी’ नेमका कोठे उभा आहे ते पाहिले. गोडसे भटजी १८५७ साली काकांना घेऊन घराबाहेर पडतो तो क्रांती पाहण्यासाठी नव्हे, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल म्हणून. वाटेत युद्ध त्याच्या अंगावर येऊन आदळते. झाशी पडते तेव्हा तो जीव मुठीत धरून लपलेला आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्याला राणी भेटते, धुळीने भरलेली, तहानलेली. भटजी पाणी काढावयास पुढे होतो, तेव्हा आपण विद्वान ब्राह्मण, आपण काढू नये, असे म्हणून ती स्वतःच पाणी काढून ओंजळीने पिते. ज्या प्रसंगावर एखादा कादंबरीकार वीस पाने खर्ची घालील, तो या मनुष्याने काही ओळींत सांगून टाकला आहे, कारण त्याच्या दृष्टीने मुख्य गोष्ट गंगेची कावड घरी सुखरूप पोचते की नाही ही आहे. ‘पण लक्षात कोण घेतो!’मधील यमू आपल्या घरातील माणसांचे निर्णय दाराआडून ऐकते. बनगरवाडीचा मास्तर तालीम उभी करतो, पण दुष्काळ येतो आणि वाडी त्याच्या डोळ्यांदेखत उठून जाते. त्याला पाहण्याखेरीज काही करता येत नाही. लक्ष्मीबाई तर आपल्या बापाच्या सोवळ्याच्या वेडापासून नवऱ्याच्या धर्मांतरापर्यंत सर्व काही दुसऱ्यांनी घडविलेले सोसतात आणि सांगताना हसतात. आणि चिमणराव आपण हास्यास्पद आहोत हे कळल्याशिवाय बोलतात. तेव्हा माझ्या खतावणीत मी नवे खाते उघडले, त्याचे नाव ‘बाजूला उभा असलेला मी’. कोणत्याही ग्रंथालयात या नावाचे कपाट नाही, आणि माझे जवळजवळ सगळे वाचनसुख त्यात होते. ऐतिहासिक कादंबरीत जो नायक ध्वज घेऊन पुढे असतो, तोच मला मुळात नको होता.

या एका खात्याचा व्यावहारिक उपयोग किती झाला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ ही कादंबरी मी वीस वर्षे टाळली होती, कारण ती प्रेमकथा आहे असे ऐकले होते आणि प्रेमकथा आपल्याला रुचत नाहीत असा माझा पक्का समज होता. खाते उघडल्यावर कोणीतरी सहज म्हणाले की ती एका प्रवाशाने सांगितली आहे, युरोपातून येणाऱ्या बोटीवर, जिच्यावर देशोधडीला लागलेले ज्यू आहेत. मी ती त्याच रात्री नेली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडावयास अर्धा तास उशीर झाला. गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’ मी त्यानंतरच वाचले. आणि लीळाचरित्राकडे जाण्याचे धैर्यही मला याच खात्याने दिले, कारण म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून मिळवून तो ग्रंथ सिद्ध केला, हे कळल्यावर तो पंथाचा धर्मग्रंथ न वाटता बाजूला उभ्या असलेल्यांची साक्ष वाटू लागला. ज्यांना त्या भाषेची धास्ती वाटते त्यांनी रोज एकच लीळा वाचावी. बहुतेक लीळा चहा निवण्याच्या आत संपतात.

दुसऱ्यांना पुस्तके सुचविणाऱ्यांनी, म्हणजे ग्रंथपालांनी, शिक्षकांनी आणि भाच्यांना वाढदिवसाला पुस्तक देणाऱ्या मामांनी, माझी एक चूक ऐकून ठेवावी. एक नुकताच नोकरीला लागलेला तरुण रणजित देसायांची ‘स्वामी’ वाचून इतका भारावला की ती परत करताना त्याने ती मेजावर ठेवली नाही, दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली. ‘‘काका, असेच आणखी काही द्या ना,’’ तो म्हणाला. मी मोठ्या उत्साहाने कपाटाचे कुलूप काढले आणि पेशवाईवरील, शिवकालावरील, राजपुतान्यावरील अशा ऐतिहासिक कादंबऱ्या एकामागून एक त्याच्या नावावर चढविल्या. दर आठवड्याला तो पुस्तक परत आणी; पाठीमागच्या पुठ्ठ्याला चिकटविलेल्या तारखेच्या कागदावर शिक्का उमटवताना मला दिसे की वाचनखूण पहिल्या एक-तृतीयांश भागातच अडकून राहिली आहे. सहाव्या पुस्तकानंतर तो यावयाचा थांबला. त्याला पेशवाई आवडलीच नव्हती. त्याला आवडला होता थेऊरला क्षयाने झिजत चाललेला एक तरुण नवरा आणि त्याच्या उशाशी बसलेली रमा. त्याला मी रमाबाई रानड्यांचे १९१० सालचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ द्यावयास हवे होते, ज्यात पत्नीने पतीचे शिकविणे, घरातला जाच आणि शेवटचे आजारपण तितक्याच जवळून पाहिले आहे; ते पुस्तक त्याच्यापासून दोन हातांवर, शेजारच्या कपाटात होते. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा त्याची बदली झालेली होती आणि त्याची अनामत परत नेली गेली होती. ‘असेच आणखी’ असे कोणी म्हटले की ‘असेच म्हणजे कसे?’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय कपाटाला हात लावू नये, एवढे मी त्यावरून शिकलो. आणि स्वतःलाही तोच प्रश्न विचारावा.

प्रश्न विचारण्याची रीत अशी. आवडलेल्या पुस्तकातील कोणता प्रसंग आपण दुसऱ्या दिवशी घरात किंवा कचेरीत कोणाला तरी सांगितला, तो आठवावा. जे सांगावेसे वाटले तेच खरे आवडले. ‘बनगरवाडी’ वाचून एक वाचक तालमीची हकीकत सांगतो, दुसरा पाऊस न पडलेल्या माळाची. पहिल्याने माडगूळकरांच्याच ‘माणदेशी माणसां’कडे वळावे, म्हणजे मुलूख आणि लेखक तोच राहून आकार मात्र बदलेल, दुसऱ्याने दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ उघडावे, जेथे माणसे मागे सरतात आणि महिने, झाडे व आभाळ पुढे येतात. पाऊल टाकावे ते एका वेळी एकच गोष्ट बदलून: लेखक बदला किंवा काळ, आकार किंवा प्रदेश, पण चारही एकदम नको. आपली वाचनाची कक्षा रुंदावण्याचा संकल्प करून जे लोक चैत्रात एकदम परकीय तत्त्वज्ञानाचा पाचशे पानी ग्रंथ घेऊन बसतात, त्यांची कीर्द वैशाखात कोरी असते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

रहस्यकथांचे वाचक या बाबतीत सर्वांत भाग्यवान, आणि सर्वांत लाजरे. पाठ्यपुस्तकाच्या आड अर्नाळकरांच्या झुंजारची करामत वाचलेली पिढी मोठेपणी तो जणू काही गोवर-कांजिण्यांसारखा बालरोग होता असे बोलू लागते. वस्तुतः तिच्यापैकी पुष्कळांची खरी भूक खुनाची नव्हती, पुराव्याची होती. दोन जबान्या जुळत नाहीत, पत्रावरची तारीख खोटी आहे, साक्षीदार त्या दिवशी त्या गावी असूच शकत नव्हता, असल्या गोष्टींत ज्याचे रक्त उसळते, त्याने त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ वाचून पाहावे, आणि तेथून वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली काढलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेकडे जावे. जुनी पत्रे बखरीसमोर उभी करून तिची उलटतपासणी करणारा तो तिरसट, बुद्धिमान पुरुष कोणत्याही गुप्तहेराहून अधिक रंजक आहे. आमच्या वाचनालयात अर्नाळकरांच्या कथांचे ढीग संपवलेले एक निवृत्त फौजदार होते. त्यांना हा खंड मी भीतभीतच दिला, तो त्यांनी तीनदा मुदत वाढवून घेतला आणि परत करताना ‘‘चिटणीससाहेब, हा माणूस आमच्या खात्यात असता तर आम्हांला जड गेले असते,’’ एवढेच म्हणाले.

‘मी काही वाचत नाही हो,’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांविषयी एक शब्द. माझ्या बहिणीचेही म्हणणे तेच होते, आणि तिच्या उशाशी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ पाने सुटेपर्यंत वाचलेली असे. स्वयंपाकासाठी नव्हे, कारण त्यातील निम्मे पदार्थ तिने कधी केले नाहीत, तर दुपारी पडल्यापडल्या. किती वाट्या, किती चमचे, आधी काय, मग काय, अशा क्रमवार व मोजक्या सांगण्यात तिला जो आनंद होता तो वाङ्मयीन आनंदच होता. ही गोष्ट तिच्या ध्यानात आणून दिल्यावर तिने लक्ष्मीबाई धुरंधरांचे १९१० सालचे ‘गृहिणीमित्र’ मागवून घेतले, पुढे घरगुती औषधांची, मग झाडांची, आणि शेवटी दुर्गाबाईंची पुस्तके. वाचत नाही म्हणणे मात्र तिने अखेरपर्यंत सोडले नाही.

ज्यांना एक वर्ष थांबवत नाही त्यांच्यासाठी एक जवळची वाट आहे. ‘मासिक मनोरंजना’च्या का. र. मित्रांनी १९०९ साली दिवाळी अंकाची जी प्रथा पाडली, तिने मराठी वाचकाच्या हाती दरवर्षी आपोआप एक तपासणीचे साधन दिले आहे, कारण कथा, कविता, प्रवास, परिसंवाद, व्यंगचित्र आणि राशिभविष्य अशी सर्व वाणे तेथे एकाच ताटात वाढलेली असतात. पुष्कळ वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेऊन ते सभासदांत फिरवितात. तशा योजनेत चार-पाच वेगवेगळ्या वळणांचे अंक घ्यावेत, आणि प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका कागदावर उतरवून, आपण प्रथम काय उघडले, नंतर काय, आणि काय उघडलेच नाही, याचे आकडे समोर मांडावेत. अनुक्रमणिकेतील लेखकाचे नाव पाहून उघडलेला लेख आणि विषय पाहून उघडलेला लेख यांना निरनिराळी खूण करावी. काहींना असे आढळते की आपण विषय पाहतच नाही, फक्त ओळखीचा आवाज शोधतो. त्यांनी साहित्यप्रकारांचा नाद सोडून एकेका लेखकाचे सगळे लेखन काढून वाचावे, त्याची पत्रेसुद्धा. राशिभविष्य प्रथम उघडल्याची नोंदही प्रामाणिकपणे करावी. बहुतेकांची तीच असते.

विकत घेण्यासंबंधी माझे मत जुनाट आहे: दुसऱ्यांदा वाचावेसे वाटेपर्यंत पुस्तक उसने असावे. हल्ली प्रवासात कानाला यंत्र लावून पुस्तके ऐकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ऐकलेले पुस्तकही कीर्दीत जमा धरावे, पानांऐवजी मिनिटे लिहावीत, दुसरा काही फरक नाही.

खतावणी नीट मांडल्यावरही काही रकमा कोणत्याच खात्यावर बसत नाहीत. वडील अशा वेळी ओढूनताणून कोणाच्या तरी नावावर त्या खपवीत नसत. जिचा धनी ठरत नाही ती रक्कम ते अनामत खात्यावर टाकीत आणि धनी ठरेपर्यंत तेथेच राहू देत. मीही तेच करतो. माझ्या अनामतीत तीन पुस्तके आहेत. एक मोल्सवर्थचा मराठी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, जी मी शब्द पाहण्यासाठी उघडतो आणि तासाभराने भलत्याच अक्षरावर सापडतो. दुसरे एक रेल्वेचे जुने वेळापत्रक, ज्यातील बऱ्याच गाड्या आता धावत नाहीत. आणि तिसरी आमच्याच वाचनालयाची जुनी छापील ग्रंथसूची, जिच्यात पुष्कळ नावांपुढे कोणीतरी लाल शाईने ‘गहाळ’ असा शेरा मारला आहे. ती मला का आवडतात, आणि त्या तिघांत समान काय आहे, याचा अर्थ मी पुष्कळ वेळा लावू पाहिला. गेली सोळा वर्षे दर पाडव्याला नवी वही घालताना ही तीन नावे मी शिल्लक म्हणून पुढे ओढीत आलो आहे.